खोकल्याच्या बाटलीत नेमकं काय असतं, आणि त्यातलं किती उपयोगी पडतं

"खोकल्यावर एक चांगलं औषध द्या की." महाद्वार रोड असो, राजारामपुरी असो की गावातलं एकुलतं एक मेडिकल, पावसाळ्यात आणि ऊसतोडीच्या थंडीत ही मागणी दिवसभर चालू असते. काउंटरपलीकडून प्रश्न येतो, "कोरडा का ओला?" आणि उत्तर मिळालं की एक बाटली पिशवीत पडते. खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. औषध कुणाला हवंय, वय आणि वजन किती, खोकल्याचा कितवा दिवस, श्वास कसा चाललाय, आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे आधी. कारण सहज मिळणाऱ्या बहुतेक खोकल्याच्या औषधांचा गुण थोडा असतो, आणि चुकीच्या माणसाला दिली तर अपाय मात्र मोठा होऊ शकतो.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू

कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांवरच्या २९ चाचण्या एकत्र तपासल्या. १९ मोठ्यांवरच्या, १० मुलांवरच्या, मिळून ४,८३५ माणसं. निष्कर्ष असा निघाला की ही औषधं उपयोगी पडतात असं म्हणायला भक्कम पुरावा नाही, आणि अजिबात पडत नाहीत असंही ठामपणे सांगता येत नाही. चाचण्या छोट्या होत्या, खोकला मोजायची रीत प्रत्येकाची वेगळी होती, आणि काहींचा खर्च औषध कंपन्यांनीच उचलला होता. मुलांच्या बाबतीत चित्र आणखी फिकं आहे. अमेरिकेत २००४ साली १०० मुलांवर झालेल्या एका चाचणीत काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन, काहींना डायफेनहायड्रामिन आणि काहींना औषध नसलेलं सिरप दिलं. दुसऱ्या रात्री तिन्ही गटांतला खोकला कमी झाला, आणि सारखाच कमी झाला.

मग घरोघरी "आम्हाला त्या बाटलीने गुण येतो" असं का म्हणतात? सर्दीनंतरचा खोकला आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त टिकतो. मोठ्या माणसात तो सरासरी अठरा दिवसांच्या आसपास राहतो, आणि लोकांची अपेक्षा मात्र आठवड्याभराची असते. लहान मुलांत साधारण निम्म्यांचा खोकला दहा दिवसांत जातो, पण दहातल्या नऊ मुलांचा जायला पंचवीस दिवस लागतात. त्यामुळे पाचव्या दिवशी पहिली बाटली, दहाव्याला दुसरी, पंधराव्याला शेजारणीने सुचवलेली तिसरी, आणि अठराव्या दिवशी खोकला गेला की श्रेय तिसरीला. शिवाय कुठलंही दाट गोड सिरप घशावरून उतरताना लाळ वाढवतं आणि घशाची खवखव थोडा वेळ दबते. हा आराम खोटा नाही, पण तो औषधाचा नसून पाकाचा आहे.

खोकला घरी सांभाळण्याजोगा आहे का?

बाटलीकडे हात जाण्याआधी हे बघायचं. पाच वर्षांखालच्या मुलाचा श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करून छाती-पोटाकडे पाहा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास अनियमित असतो आणि हिशेब चुकतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त श्वास भरला तर तो जलद श्वास. न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. ताप असेल तर श्वास वाढतोच, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा, पण त्यासाठी तासन्‌तास थांबू नका.

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलतात, ओठ निळसर दिसतात, श्वासाला करकर किंवा घरघर आहे, मूल अंगावर पीत नाही, सुस्त पडलंय किंवा झटके आलेत, यांपैकी काहीही दिसलं तर मोजणं सोडा आणि दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८. तीन महिन्यांखालच्या बाळाला खोकल्यासोबत ताप असेल तर रात्र काढायची नाही. खेळता खेळता अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला असेल तर शेंगदाणा, चणा किंवा खेळण्याचा तुकडा श्वासनळीत गेलेला असू शकतो. तिथे जगातलं कुठलंही सिरप उपयोगाचं नाही. ढास लागून मूल लालबुंद होत असेल, शेवटी हूप असा आवाज करून श्वास ओढत असेल आणि उलटी होत असेल तर डांग्या खोकल्याची शंका घ्या आणि लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.

मोठ्यांसाठी धोक्याच्या खुणा वेगळ्या: बेडक्यातून रक्त, धाप, छातीत दुखणं, वजन उतरणं, रात्री घाम. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे दोन आठवडे. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की क्षयरोगासाठी थुंकी तपासायची, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत ही तपासणी मोफत होते. लाळ नव्हे, खोलवर खोकून काढलेला बेडका द्यायचा. एका खोकल्यावर तीन बाटल्या संपवून मग थुंकी तपासायला जाणारे रुग्ण पुष्कळ असतात. त्या मधल्या काळात घरातली लहान मुलं तोच श्वास घेत असतात.

आणखी दोन कारणं सिरपच्या आवाक्याबाहेरची आहेत. रक्तदाबाची गोळी एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारखी, नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली असेल तर तिने काही लोकांना कोरडा, घशात गुदगुल्या करणारा खोकला लागतो. गोळी सुरू झाल्यापासून आठवड्यात किंवा कित्येक महिन्यांनीही. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर दुसऱ्या गटातली देतात आणि खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो. दुसरं कारण हवेतलं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतली वाळूची धूळ, इचलकरंजीतल्या सूतगिरण्या आणि यंत्रमागांवरची कापसाची बारीक तंतुधूळ, गुऱ्हाळाच्या चुलवणाचा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर, घरात भाजली जाणारी मिश्री. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येत असेल तर ते तंतुधुळीचं लक्षण मानून छातीच्या डॉक्टरांना कामाचं स्वरूप सविस्तर सांगा. धूळ चालू ठेवून खोकला दाबत राहिलं तर दुखणं फक्त उशिरा सापडतं.

लेबल वाचणं

बाटलीचं ठळक नाव वाचून काही कळत नाही. एकाच नावापुढे 'डीएक्स', 'एलएस', 'प्लस', 'कफ', 'डी' अशी शेपटं लावून पूर्णपणे वेगवेगळी औषधं विकली जातात. बाटली फिरवून बारीक अक्षरांत "प्रत्येक ५ मिली मध्ये" लिहिलेलं असतं ती यादी वाचा, हवं तर मोबाइलने फोटो काढून मोठं करा. डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांचा स्वतंत्र कायदेशीर वर्गच नाही. त्यामुळे दुकानात सहज मिळालं म्हणजे ते बिनचिठ्ठीचं, असा अर्थ काढू नका.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूतली खोकल्याची उबळ दाबतं. कोरड्या खोकल्याने झोप लागत नसलेल्या मोठ्या माणसाला थोडा फायदा होऊ शकतो, तोही माफकच. मोठ्यांसाठी एका वेळी १० ते २० मिलिग्रॅम दर चार तासांनी किंवा ३० मिलिग्रॅम दर सहा ते आठ तासांनी, आणि चोवीस तासांत १२० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. ५ मिलीत १० मिलिग्रॅम असलेली बाटली असेल तर रात्री १० मिली पुरे. नैराश्यासाठी एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या गोळ्या चालू असतील, किंवा ट्रॅमाडॉल, लिनेझोलिड चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. एकत्र आल्यास अस्वस्थता, थरथर, घाम, वाढता ताप असा गंभीर प्रकार घडू शकतो. बेडका भरपूर पडत असेल तर खोकला दाबणं मुळातच चुकीचं, कारण तो बाहेर काढायचं काम खोकलाच करतो.

ग्वायफेनेसिन बेडका पातळ करून सैल करतं, असं सांगितलं जातं. पुरावा मिश्र आहे, पण इंग्लंडच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत बारा वर्षांवरच्यांना हवं असल्यास वापरून बघा, इतपत मुभा आहे. गंमत मात्रेत आहे. मोठ्यांची मात्रा २०० ते ४०० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या अनेक मिश्र सिरपांत ५ मिलीत फक्त ५० मिलिग्रॅम असतं, सोबत १.२५ मिलिग्रॅम टर्ब्युटालिन आणि ४ मिलिग्रॅम ब्रोमहेक्सिन. दोन चमचे घेतले तरी ग्वायफेनेसिन १०० मिलिग्रॅमच. ते २०० पर्यंत न्यायला २० मिली प्यावं लागेल, आणि मग टर्ब्युटालिन ५ मिलिग्रॅम होऊन हात थरथरू लागतील, छाती धडधडेल. म्हणजे एका घटकाची मात्रा पोहोचत नाही, आणि पोहोचवली तर दुसऱ्याची डोईजड होते. मिश्र औषधांचं खरं दुखणं हेच.

टर्ब्युटालिन, साल्ब्युटामॉल आणि लेव्होसाल्ब्युटामॉल ही श्वासनळ्या रुंद करणारी औषधं आहेत. दमा किंवा घरघर असेल तर त्यांचं काम आहे, आणि तिथेही तोंडाने घेण्यापेक्षा पंप जास्त चांगला. साध्या सर्दीच्या खोकल्यात ती फक्त थरथर, धडधड आणि मुलांची चिडचिड देतात. हृदयविकार, थायरॉईड वाढलेलं किंवा मधुमेह असलेल्यांनी तर अशी बाटली स्वतःच्या मनाने घेऊच नये.

ब्रोमहेक्सिन आणि अम्ब्रोक्सॉल हे दोघे भाऊ, बेडका पातळ करणारे. ब्रोमहेक्सिनची घडण अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरून झाली आहे, त्यामुळे आजीचा अडुळसा अगदीच वाऱ्यावरची गोष्ट नव्हती. चाचण्यांतला फायदा मात्र लहान आणि अनिश्चित. पोटात अल्सर असलेल्यांनी जपून, आणि अंगावर पुरळ किंवा फोड उठले तर लगेच थांबवायचं.

क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन ही जुन्या पठडीतली सर्दीची औषधं. खोकला फारसा कमी करत नाहीत, झोप आणतात. झोपलेला माणूस कमी खोकतो, म्हणून ती लागू पडल्यासारखी वाटतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी यांनी अडू शकते, काचबिंदू वाढू शकतो, वयस्कर माणसं गोंधळून पडू शकतात. रात्रपाळीला प्रेस मशीनवर उभं राहायचं असेल किंवा गगनबावड्याच्या घाटातून गाडी न्यायची असेल तर हे सिरप घेऊन निघू नका.

फेनिलएफ्रिन नाक मोकळं करतं, असा दावा. तोंडाने घेतलेलं फेनिलएफ्रिन नाकाला उपयोगी पडत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. रक्तदाब असलेल्यांना त्याचा तोटाच. कोडीन असलेलं सिरप तर लांबच ठेवा: सवय लागते, श्वास मंदावतो, बारा वर्षांखालच्यांना ते देऊच नये. अमेरिकेत २०१८ पासून अशा औषधांचा वापर अठरा वर्षांवरच्यांपुरताच ठेवलाय.

शेवटची गोष्ट म्हणजे विरुद्ध कामांची मोट. एकाच बाटलीत बेडका सैल करणारं आणि खोकला दाबणारं असं दोन्ही असेल तर ती परत ठेवा. एक बेडका वर आणणार आणि दुसरं तो बाहेर टाकू देणार नाही.

मुलांसाठी वयाची रेघ

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित सिरपने बालकं दगावल्यावर, ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत आणि विकूही नयेत, पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे ती नकोत, त्यापुढेही तपासणी करून, कमीत कमी दिवस आणि मिश्रणं टाळून. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्येच क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असं लेबलवर छापायचा आदेश निघाला होता. नाक गळणाऱ्या तान्ह्यांना वर्षानुवर्षं दिले जाणारे सर्दीचे थेंब अनेकदा नेमके याच मिश्रणाचे असतात. घरात जुनी बाटली असेल तर आजच लेबल बघा. ब्रिटनमध्ये ही रेघ सहा वर्षांवर आहे.

लहान मुलाला ही औषधं जास्त का बाधतात? त्याच्या श्वासनळ्या अरुंद, बेडका बाहेर टाकायची ताकद कमी, यकृताची औषध मोडायची क्षमता अपुरी, आणि मात्रेत एक-दोन मिलीची चूकही वजनाच्या मानाने मोठी. सहा ते बारा वयाच्या मुलाला डॉक्टरांनी सांगितलं तरच, एकाच घटकाचं, दोन-तीन दिवस. मुलाला दर महिन्याला रात्रीचा खोकला, पळाल्यावर खोकला किंवा घरघर होत असेल तर सिरप बदलत बसू नका, दम्यासाठी तपासून घ्या. चिठ्ठीवर अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि माँटेलुकास्ट हे दमा-ॲलर्जीचं औषध दोन्ही दिसली तर कशासाठी आहेत हे नम्रपणे विचारा. साध्या विषाणूच्या खोकल्यात दोन्हींचं काम नसतं.

मुलासाठी खरोखर काय करायचं

तान्हं बाळ: नाक चोंदलं की ते तोंडाने श्वास घेतं आणि खोकतं. साध्या मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे औषधी दुकानात मिळणारे थेंब, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन, दूध पाजण्याआधी पाच-दहा मिनिटं आणि झोपवताना. त्यात नाक मोकळं करणारं दुसरं औषध नाही ना, ते लेबलवर पाहून घ्या. अंगावरचं दूध थोडं थोडं, जास्त वेळा. बस्स.

एक वर्षानंतर मध. या एका गोष्टीला सिरपांपेक्षा बरा पुरावा आहे. इस्रायलमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांना झोपण्याआधी अर्धा तास १० ग्रॅम मध किंवा तशीच दिसणारी खजुराची काकवी दिली. मधाच्या गटांत रात्रीचा खोकला जास्त कमी झाला. घरी द्यायचा तर एक ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा चमचा म्हणजे २.५ मिली, सहा ते अकराला ५ मिली, बारापुढे १० मिली. नुसता किंवा कोमट पाण्यात, झोपण्याआधी अर्धा तास, नंतर चूळ भरायला लावून.

वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचा थेंबही नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात; बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि अंग लुळं पडतं, श्वास अडतो. आपल्याकडे हा धोका बाटलीतून कमी आणि बाळगुटीतून जास्त येतो. वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळून मधातून चाटवायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. घरच्या थोरल्यांशी बोलताना भांडायची गरज नाही. "आई, डॉक्टरांनी वर्ष होईपर्यंत मध नको सांगितलाय" एवढं सांगून मध बाजूला ठेवायचा. खरं तर सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको, त्यामुळे गुटीही नको.

कापराचंही तसंच. ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्याशी बांधणं, छातीला कापूरयुक्त बाम चोळणं, हे दोन वर्षांखाली बंद. कापूर पोटात गेला तर थोड्या मात्रेतही मुलाला झटके येऊ शकतात. शेक-शेगडी आणि धुरीचा धूर तर खोकल्याचं कारण आहे, इलाज नव्हे. वाफ घ्यायची म्हणून मुलाच्या पुढ्यात उकळतं पातेलं ठेवणं, हे भाजण्याच्या अपघातांचं ठरलेलं कारण आहे; उपयोगाचा पुरावाही नाही. बंद न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ साठवून मुलाला मांडीवर घेऊन बसलात तर निदान भाजणार नाही.

गूळ-सुंठ, हळदीचं दूध, आल्याचा चहा? मोठ्यांना आणि जाणत्या मुलांना आवडत असेल तर खुशाल. कोल्हापुरात गूळ चांगला मिळतो आणि घशाला बरं वाटतं, तेवढंच त्याचं काम. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर चघळला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. गरोदरपणी अडुळशाचा काढा टाळायचा. पांढरा रस्सा गरम असताना नाक मोकळं करतो, हे खरं. त्यातलं तिखट घशाला झोंबत नसेल तर मोठ्यांनी घ्यायला हरकत नाही.

मोजायचं कशाने

स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. पोह्याचा, चहाचा, आमटीचा, प्रत्येक चमच्यात वेगळं मावतं. बाटलीचं मोजमापाचं झाकण किंवा सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज वापरा. दुकानात स्वस्तात मिळते आणि लहान मुलांसाठी तीच सर्वांत अचूक. झाकण सपाट ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघा. सिरिंज जिभेवर सरळ मागे न मारता गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, नाही तर ठसका लागतो. लेबलवर "हलवून घ्या" असेल तर दहा-बारा वेळा उलटीपालटी करा. न हलवता वरचं दिलं तर सुरुवातीला औषध कमी आणि बाटली संपताना जास्त जातं.

सगळ्यात महागात पडणारी चूक थेंब आणि सिरप यांच्यातली. पॅरासिटामॉलचे थेंब सहसा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, आणि साधं सिरप ५ मिलीत १२५, म्हणजे १ मिलीत २५. थेंब चौपट जहाल. दहा किलोच्या मुलाला एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे १५० मिलिग्रॅम लागतं: थेंबांतून १.५ मिली, १२५ च्या सिरपातून ६ मिली, २५० च्या सिरपातून ३ मिली. सिरपची ६ मिली ही मात्रा डोक्यात ठेवून कुणी थेंब ६ मिली पाजले तर ६०० मिलिग्रॅम जातं, म्हणजे दिवसभराची मात्रा एका घोटात. चुलत्याकडे, मामाकडे मूल पाठवताना बाटली बदलते आणि मिली तेच राहतात, तिथे हे घडतं. म्हणून "चमचाभर" असं सांगू नका. औषधाचं नाव, ५ मिलीत किती, किती मिली आणि शेवटची मात्रा किती वाजता, हे कागदावर लिहून द्या.

दुसरी चूक दुहेरी मात्रेची. अनेक सर्दी-खोकल्याच्या सिरपांत पॅरासिटामॉल आधीच असतं. वरून तापाचं वेगळं सिरप दिलं की मात्रा दुप्पट होते आणि यकृताला मार बसतो. दोन्ही बाटल्यांच्या याद्या शेजारी ठेवून कुठलं नाव दोनदा येतंय ते बघा.

मोठ्यांचा खोकला

पहिले दोन-तीन दिवस औषधाशिवाय काढता येत असतील तर काढा. कोमट पाण्याचे घोट, मिठाच्या गुळण्या, रात्री दोन चमचे मध, उशी थोडी उंच. झोप मोडत असेल तर नुसतं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, रात्रीपुरतं, चार-पाच दिवस. बेडका चिकट असेल तर पाणी जास्त आणि हवं तर एकाच घटकाचं बेडका सैल करणारं औषध. पाच दिवसांत फरक नाही तर तेच पुढे ओढण्यात अर्थ नाही. पिवळा-हिरवा बेडका दिसला म्हणून अँटिबायोटिक लागतं असं नाही, विषाणूच्या खोकल्यातही रंग बदलतो.

मधुमेह असेल तर साखरविरहित बाटली मागा. त्यात बहुधा सॉर्बिटॉल असतं आणि जास्त घेतल्यास जुलाब होतात. जेवून आडवं झाल्यावर खोकला वाढत असेल, तोंडात आंबट पाणी येत असेल तर मूळ पित्तात आहे. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरका. तंबाखू ओढणाऱ्याचा "सकाळचा नेहमीचा खोकला" बदलला, म्हणजे जास्त झाला, आवाज बसला किंवा रक्त आलं, तर छातीचा एक्स-रे काढायचा. आठ आठवड्यांवर गेलेला कुठलाही खोकला हा तपासणीचा विषय आहे.

भेसळ कशी ओळखायची?

घरी ओळखता येत नाही, हे आधी मान्य करू. सिरपांत शिरणारं विष म्हणजे डायएथिलीन ग्लायकॉल, आणि ते गोड, पारदर्शक आणि बिनवासाचं असतं. सिरपमध्ये ग्लिसरिन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल असे द्राव घालतात. ते हलक्या दर्जाचे घेतले आणि तपासले नाहीत की हे विष बाटलीत येतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली अशाच दूषित ग्लिसरिनने १४ रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियात, आणि २०२५ मध्ये छिंदवाड्यात तेच. कोल्ड्रिफ या सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं; चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का. आजारी पडलेल्या अनेक मुलांना उपचारासाठी नागपूरला आणावं लागलं होतं. त्या सिरपचं सूत्र पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन, म्हणजे चार वर्षांखाली नकोच असलेलं मिश्रण. वयाची रेघ पाळली असती तर बहुतेक लहानग्यांपर्यंत ती बाटली पोहोचलीच नसती.

कुठलंही सिरप सुरू केल्यावर एक ते तीन दिवसांत उलट्या, पोटदुखी, सुस्ती आणि मुख्य म्हणजे लघवी कमी झाली, सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, तर औषध थांबवून लगेच मोठ्या रुग्णालयात जा. बाटली टाकू नका. ती, तिचं खोकं आणि बिल सोबत न्या. उपचार ठरवताना बॅच क्रमांक लागतो.

म्हणून बिल नेहमी घ्या, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख छापून घ्या, आणि बाटलीवरच्या क्रमांकाशी दुकानातच ताडून बघा. बुचाचं सील तुटलेलं, तळाशी न हलणारा साका, रंग वेगळा किंवा लेबल वाकडं असेल तर परत करा. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५. औषधाचा दुष्परिणाम कळवायला राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००१८०३०२४. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीनंतर ती टाकून द्या. गेल्या पावसाळ्यातली अर्धी उरलेली बाटली, धाकट्यालाही "तोच खोकला" आहे म्हणून, काढायची नाही.